चाळीस… ब्याण्णव… चाळीस!

…नाही, कॉम्प्युटरनं तापायला माझी हरकत नाही हो! घानातल्या आमच्या कुमासीत दुपारी माणूससुद्धा तापतो. पण त्याला काही रीत? मी नुसता माउस हलवतो, चाळीस अंशांवरून ब्याण्णव! हात काढला, परत चाळीस! तुम्हाला सांगतो, माणसाचा ताप असा चढला-उतरला असता तर घरच्यांनी डॉक्टर सोडून थेट पाद्रीच बोलावला असता.

आणि वेळ कुठली साधली? शनिवारी सासूबाईंचा अंत्यविधी. मोठा मांडव, शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांतली अख्खी बिरादरी आणि पडद्यावर सासूबाईंचा व्हिडिओ. तो कोण करणार? जावई! गावभरच्या मयतांचे व्हिडिओ करून पोट भरणारा मी, घरच्याच मयताला नाही कसं म्हणू? म्हणून नवा कॉम्प्युटर घेतला, स्वतःच्या हातांनी जोडला. आता सासूबाई गायनमंडळात उभ्या राहून गायला तोंड उघडतात, की चाळीस… ब्याण्णव… शंभर… खट्! पडदा काळा.

आफिया, म्हणजे आमची बायको, आई गेल्यापासून रडलेली नाही. माझ्यामागे स्टुलावर बसून असते. परवा हळूच म्हणाली, "आईचं गाणं एकदा पुरतं ऐकू दे रे." मी तिला आकडा दाखवला. आकडा बघून कोणाचं समाधान होतं का?

तिचे बोआतेंगमामा घराण्यातले थोरले. त्यांनी फर्मावलं, टेबलफॅन लाव. लावला! हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याची सगळी धूळ आत गेली, आकडा तसाच! मग मामांनी शांतपणे जाहीर केलं, की जमत नसेल तर माझ्या फोनमधले फोटो लावू. आता मामांचे फोटो कसले, तर प्रत्येकात अर्धी सासूबाई आणि अर्धा मामांचा अंगठा!

शेवटी, ज्याच्याकडून सुटे भाग घेतले त्या येबोआला फोन करून झाडला. कसलं यंत्र गळ्यात मारलंस, चाळीस… ब्याण्णव… चाळीस! तो मात्र थंडगार.

"दादा, प्रोसेसर नखाएवढा असतो. काम पडलं की क्षणात तापणार, संपलं की क्षणात निवणार. उड्यांना घाबरू नका. पण बंद पडतोय म्हणजे उष्णता वरच्या पंख्यापर्यंत पोचत नाहीये. उघडून बघा."

उघडला. पंखा उचलला. तर पंख्याच्या बुडाला छान पारदर्शक प्लास्टिक, त्यावर लाल अक्षरांत 'बसवण्याआधी काढा'! आफिया एकदा प्लास्टिककडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

अहो, काढणार कसं? आमच्या घरात सोफ्यावर प्लास्टिक, फ्रिजवर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक! उठताना मांड्यांची सालटी निघतात, पण काढायचं नाही. सासूबाईंचा कायदाच तसा, की नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणाऱ्याला वस्तूची कदर नाही. इतक्या वर्षांत वळण लागलेल्या हाताला ते काढावंसं वाटलंच नाही.

सोललं ते, उष्णता पंख्याकडे नेणारा नवा लेप लावला. चाळीस… बासष्ट… पंचेचाळीस. उड्या आहेतच, पण आता माणसात राहून मारतो.

शनिवारी पडद्यावर सासूबाई पुरतं गाणं गायल्या. आफिया माझा हात धरून रडली, हो, अगदी लहान मुलीसारखी रडली. माझेही डोळे भरले. चित्रण माझंच, पण गाण्यानंतरचा भाग मी साफ विसरलो होतो; मेलं यंत्र तिथवर कधी पोचलंच नव्हतं आणि दुरुस्तीनंतर सगळं बघायला वेळ उरला नव्हता ना! तर गाणं संपलं आणि सासूबाई सरळ कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या,

"कॅमेऱ्याचं प्लास्टिक काढलंस? तुझ्याकडे कुठलीही वस्तू टिकायची नाही, जावई."

अख्खा मांडव हसला. मामा हसले. आफिया रडता रडता हसली. मी उभा, मान खाली घालून. आता तुम्हीच सांगा… काढलं तरी बोलणी, नाही काढलं तरी बोलणी… आणि आता तर उलट उत्तर द्यायचीही सोय राहिली नाही.