परतीचं पान

ताई: दार लाव आधी. ओरडायचंच असेल तर दार लावून ओरड.

धाकटा: मी ओरडत नाहीये. एवढंच म्हणतोय, आज पियानोपाशी तुझ्या शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटायला मी येणार नाही.

ताई: पहिली घंटा झाल्यावर सांगतोस? बाहेर हॉल भरलाय. काय बिनसलंय तुझं?

धाकटा: काल तालमीत काय झालं?

ताई: तिसऱ्या भागात चुकले. बीथोव्हेनची रचना आहे बाबा, चुकतात माणसं. लोकांनी त्या सोनाटाला चांदण्याचं नाव दिलंय, पण त्या भागात कसलं चांदणं, नुसतं वादळ! तीच धून दोनदा येते. पहिल्यांदा लांब निघून जाते, दुसऱ्यांदा घरी वळते. मी दुसऱ्यांदाही लांबच गेले आणि गोल गोल फिरत बसले. झालं समाधान?

धाकटा: का चुकलीस पण?

ताई: कारण तू पान उलटलंच नाहीस, गाढवा! झोपला होतास?

धाकटा: मुद्दामच नाही उलटलं.

ताई: काय म्हणालास?

धाकटा: समोर आधीचंच पान होतं. दिसत असतं तर डोळे वटारले असतेस, फटकन स्वतः उलटलं असतंस. तू आपली वाजवतच राहिलीस.

ताई: माझी परीक्षा घेतलीस? ज्याला मी शेजारी बसवून पहिला सूर वाचायला शिकवला, तो माझी परीक्षा घेतो?

धाकटा: मी आज कुठला कोट घातलाय?

ताई: काळा. दुसरा आहे कुठे तुझ्याकडे?

धाकटा: कोट नाहीये, ताई. स्वेटर आहे.

(दारावर टकटक.)

व्यवस्थापक: मॅडम, दुसरी घंटा दिली. सगळं ठीक ना?

ताई: ठीक आहे. आलोच आम्ही.

धाकटा: सांगू त्यांना?

ताई: सांग की. उद्यापासून लोक वाजवणं ऐकायला नाही, आंधळी बघायला येतील. आणि मग तेही येणार नाहीत. मला दुसरं काय येतं रे? साधा चहासुद्धा उतू जातो माझा.

धाकटा: आणि आज अडकलीस तर? एवढ्या लोकांसमोर गोल गोल?

ताई: तू उलटलंस तर नाही अडकणार. पानाची सळसळ झाली की मला कळतं, आता घरी वळायचं. बाकी सगळं हातात आहे. ते एक वळणच तेवढं हात विसरतात.

धाकटा: म्हणजे इतके दिवस तू माझा कागद ऐकत होतीस?

ताई: हो.

धाकटा: आणि मी रोज तुझ्या मांडीला मांडी लावून बसतो! परक्याला कळावं तसं मला कळलं. फार लागलं मला, ताई.

ताई: तुला सांगितलं असतं तर तू काळजी घ्यायला लागला असतास. पानं हळूच, अलगद उलटली असतीस. मी ओळखत नाही का तुला? अलगद उलटलेलं पान ऐकू येत नाही रे.

धाकटा: ...काल उलटायला हवं होतं मी.

ताई: हवं होतंच. शहाणा!

धाकटा: उद्या डॉक्टरकडे यायचं. आणि त्यांना तू स्वतः सांगायचं, मी नाही.

ताई: येते. सांगते. शब्द दिला. आज मात्र वाजवू दे.

व्यवस्थापक: मॅडम, तिसरी घंटा देऊ का?

ताई: देऊ का रे?

धाकटा: द्या, द्या. ताई, हात दे. उंबरा आहे.

ताई: माहितीये मला उंबरा. ...अरे, किती घट्ट धरतोस!

धाकटा: असू दे.

ताई: हे बघ, हात धर हवा तसा. पण पान जपून उलटू नकोस.