स्कीच्या दुकानात मृणालचं वजन

माझ्या बायकोने, मृणालने, स्की शिकायला लंडनमधल्या पिनरच्या मैत्रिणीच्या जुन्या स्की आणल्या. त्या बसवून घ्यायला दुकानात गेलो. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा, पण एरवी सुटू नये, म्हणून तो किती घट्ट बसवायचा ते वजनावर ठरतं; दुकानदाराने वजन विचारलं.

मृणाल म्हणाली, "अठ्ठावन्न."

आता कमी सांगितलं तर स्की भलत्याच वेळी सुटणार. मी हळूच म्हटलं, "अगं, परवा इंडियाला न्यायच्या बॅगा धरून काट्यावर तूच उभी होतीस. तुझं वजन वजा करूनच बॅगेचं काढलं ना?"

ती दुकानदाराकडे वळून म्हणाली, "सत्तर."

पहिल्याच दिवशी उतारावर धाडकन आपटली. स्की बरोब्बर सुटली, पाय शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

बर्फात बसल्या बसल्याच म्हणाली, "यापुढे बॅगा धरून तू उभं राहायचंस."