ऐन वेचणीतली मोकळीक

सेलूच्या स्टँडावर वालूरची गाडी लागायची होती. शेतकऱ्यांच्या शिबिरातून परतलेले दोघं, छातीवर लाल बिल्ले, बाकावर बसूनही भांडतच होते. शेजारी त्यांच्याच गावची कडूबाई.

“कापूस माझा. तो सरकारलाच घाला म्हणणं हाच अन्याय हाय. भाव पडला तरी चालंल, पण मला मोकळीक पाहिजे, बन्सीधर.”

“भाव पडल्यावर मोकळीक काय चाटायची, व्यंकटराव? लोकाचं भलं व्हतं म्हणून ती पाहिजे.”

“भलं व्हणारच.”

“करून बघितल्याबिगर कसं कळंल?”

“बघायचं काय त्यात? दोघं राजीखुशीनं सौदा करतेत म्हंजी दोघांचंबी भलंच. बसल्या जागी कळतं.”

“मालक, मग माझी मेहनतबी माझीच की?”

“तुझीच, कडूबाई. इचारायलीस काय?”

“मग उद्यापासून तुमच्या रानात वेचायला येत न्हाई. दत्तराव किलोमागं जास्त देयलेत.”

“उद्यापासून? ऐन वेचणीत?”

“आता बोला, व्यंकटराव!”

“बोलतो की. जावा, कडूबाई. तुमाला मोकळीक हाय.”

“राग न्हाई ना?”

“लय आला. पण मी दत्तरावापेक्षा वाढवून दिले, तर येताल का?”

“वाढवून बघा की, व्यंकटराव. मी येते का न्हाई, बघितल्याबिगर कसं कळंल?”