पाटीवरच्या दोन भाषा

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातल्या एका खासगी शाळेच्या कचेरीबाहेर मी नातवाच्या दाखल्यासाठी ताटकळत होतो. शेजारच्या बाकावर आमच्या गल्लीतल्या अम्पारोबाई आपल्या नव्या भाडेकरूंना घेऊन बसल्या होत्या. स्कॉटलंडहून आलेले नवराबायको, कॅलम आणि मोरा; त्यांना स्पॅनिश येत नसल्यानं बाई त्यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत.

"कॅलम, पाटीवर 'द्विभाषिक'च लिहिलंय ना? नीट बघ."

"चौथ्यांदा बघतोय, मोरा."

"म्हणजे निम्मा दिवस तरी इस्लाला कळेल. उन्हाळी शिबिरात बाथरूमला जायचंय एवढंही सांगता आलं नाही पोरीला. संध्याकाळपर्यंत ओल्या कपड्यांत बसून राहिली."

"म्हणून तर चार शाळा सोडून ही धरली."

"काळजी कसली करतेस, पोरी? माझी तिन्ही मुलं इथलीच. दोन्ही भाषा फाडफाड बोलतात."

"मग त्यांचं इंग्रजी फक्कड असेल, अम्पारोबाई!"

"इंग्रजी? ते कुठून आलं मध्येच?"

"दोन भाषा म्हणालात ना?"

"हो. स्पॅनिश आणि आमची व्हॅलेन्सियन."

"कॅलम."

"ऐकलं मी."

"एक येत नव्हती, आता दोन येत नाहीत!"

"अगं, इंग्रजीचा तास असतो की! मंगळवारी आणि गुरुवारी."

"आणि बुधवारी बाथरूमला लागली तर?"

तेवढ्यात आतून इस्लाच्या पालकांना हाक आली.

"मोरा, काय करायचं? सोमवारी शाळा सुरू होतेय, बाकीच्या भरल्यात."

"थांब. अम्पारोबाई, 'मी बाथरूमला जाऊ का' हे या कागदावर दोन्ही भाषांत लिहून द्या."

"मोठ्या अक्षरांत लिहू, पोरीसाठी?"

"हो. आधी मलाच पाठ करायचंय."