कोपऱ्यातली गोलाई

गोडदेवच्या बसथांब्यावर माझा जप चालला होता. मागे कारखान्यातले दोघे बोलत होते.

"रामनाथदादा, शेठवर ओरडलास?"

"मग काय आरती ओवाळू? रेसच्या गाडीचं इंजिन ज्या दांड्यावर फिरतं, तो क्रँकशाफ्ट हाय! दांडा वळतो त्या कोपऱ्यात मी हातानं गोलाई ठेवलेली. शेठनं ती घासून काटकोन करून घेतला. म्हणे, फिनिशिंग साफ दिसतं."

"दिसतं की."

"तडा तिथूनच जातो, धर्मेश! मिनिटाला आठ हजार फेरे घेणार तो. गाडीत कुणाचा तरी मुलगा असंल."

"पण शेठ उद्या पाठवणारच."

"कसला पाठवतोय! माझी पिशवी उचल जरा."

"बापरे, केवढी जड!"

"अर्धाच हाय. कापलेला दुसरा अर्धा शेठच्या टेबलावर ठेवून आलोय."