पाण्यातला निखारा

काकू : बाटली एकदम उलटी करू नकोस रे. आधी पाणी वाटीत काढ.

कारागीर : काढतोय, काकू. किती वर्षं आहे हा खडा पाण्यात?

काकू : सव्वीस. दर रविवारी पाणी बदलते. मला एवढंच सांग, ही काच आहे ना? पुढच्या आठवड्यात मी मुलाकडे चाललेय, कायमची. त्याआधी याचा निकाल लागू दे.

कारागीर : काच आहे असं कोण म्हणालं?

काकू : मीच. आमच्या आईचा ओपल हा. 'निखारा' म्हणायचे सगळे. तुझ्या वडिलांनीच घासला होता, याच चाकावर. हिरव्यात लाल असा पेटायचा की संग्रहालयाची माणसं दोनदा मागायला आली. आईनं दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पुढे तो माझ्याकडे आला. धाकट्या बहिणीनं तिच्या मुलाच्या लग्नात घालायला मागितला, आठ दिवसांनी परत आणून दिला. मी कोंदणातून काढून पाण्यात ठेवला. सकाळी बघते तर रंग गायब, हे असं.

कारागीर : पाण्यात कशाला?

काकू : शेजारीण म्हणाली, ओपल कोरडा पडला की तडकतो.

कारागीर : आणि मग धाकट्या मावशींना...

काकू : खडा बदललास म्हटलं. चार माणसांत म्हटलं. ती भांडलीसुद्धा नाही. म्हणाली, ताई, तुझाच आहे गं तो. चपला घातल्या आणि गेली. तेव्हापासून बोलणं नाही.

कारागीर : (भिंग डोळ्याला लावून) काच नाहीये, काकू. ओपल आहे.

काकू : मग रंग कुठे गेला?

कारागीर : काही ओपल पाणी पितात. पाणी आत मुरलं की रंग दिसेनासा होतो, काचेसारखे दिसतात. वाळले की रंग परत येतो. पण हा निखारा की एखादा साधा बिनरंगी, ते वाळल्यावरच कळेल. वजनावरूनही सांगता येणार नाही, पोटभर पाणी प्यायलाय.

काकू : किती दिवस?

कारागीर : तीन आठवडे तरी. सावलीत, सावकाश. घाई केली तर खरंच तडकेल. तुम्ही जाणं थोडं पुढे ढकला.

काकू : हं.

कारागीर : एक विचारू? काच समजत होतात, तर सव्वीस वर्षं पाणी कशासाठी बदललंत?

काकू : खरा असला तर तडकू नये म्हणून.

कारागीर : (भिंग खाली ठेवून काकूंकडे बघतो)

काकू : असा बघू नकोस. काय बोलले ते कळलं मला.

कारागीर : बसा. पाणी देऊ?

काकू : नको, पाणी पुष्कळ झालं. तुझा तो फोन दे इकडे. तिचा नंबर पाठ आहे मला.

कारागीर : आत्ता? रंग तर येऊ द्या. दाखवायला काही हातात हवं ना.

काकू : रंग आल्यावर फोन केला, तर खड्यावर विश्वास ठेवला असं होईल.

कारागीर : आणि समजा, नाहीच आला रंग?

काकू : तिनं सांगितलं होतं, ताई, तुझाच आहे. लाव नंबर.