पिंपातला भुसा

(दोरखंडाच्या कारखान्यामागचं अंगण. चुलीवर झाकण घट्ट बसवलेलं लोखंडी पिंप, झाकणातून वर आलेली नळी. ऊन उतरलंय.)

ताई : अजून पांढराच. एव्हाना धूर पिवळट व्हायला हवा होता. काथ्याचा भुसा वाळलेला होता ना गं?

धाकटी : कडकडीत. उन्हात पसरलेला तूच पाहिलास की. मी फक्त भरायच्या आधी पाणी मारलं.

ताई : काय मारलंस?

धाकटी : पाणी... काथ्याला हात लावायचा तर आधी पाणी, लहानपणापासून तेच करतोय आपण. हात आपोआप बादलीत गेला गं.

ताई : अगं वेडाबाई, ते दोर वळताना! इथे भुसा भाजायचाय, हवा लागू न देता. आधी सगळं पाणी वाफ होऊन जाणार, मग कुठे त्याचा कोळसा व्हायला लागणार. सरपण त्या वाफेतच संपलं बघ.

धाकटी : मार हवं तर मला. पण आता खाली घालू काय? ढलपीसुद्धा उरली नाही.

काका : आहात का दोघी? आहातच. धूर पार माझ्या ओसरीत आलाय. शेजार लाभावा तर असा! आधी पाणी नासलं, आता हवा.

ताई : या, काका. गल्लीनं दिलेली मुदत आजची आहे ना? दिवस अजून मावळला नाही.

काका : मावळतोच आहे. गल्ली तुमच्या पुढच्या दारात उभी आहे, कारखान्याला ठोकायला कुलूप घेऊन. मीच म्हटलं, आधी बघून येतो. तुमच्या भुशाच्या ढिगातून काळं पाणी झिरपतं ते थेट माझ्या विहिरीत. सुनेला भांडी घासायचीही चोरी झालीय. ढीग हलवतो, हलवतो म्हणता; हलते ती फक्त जीभ.

ताई : हलवून नेऊ कुठे? दुसऱ्या कुणाच्या विहिरीशी? म्हणून तर हा खटाटोप. भुसा असा भाजला की थोडासा कोळसा उरतो. तो सडत नाही. मातीत मिसळला तर ओल धरून ठेवतो. बायोचार म्हणतात.

काका : म्हणतात! मागच्या वेळी राख दाखवलीत.

धाकटी : तेव्हा गरम असतानाच उघडलं मी. वारा लागला आणि भडका उडाला.

ताई : ते राहू दे. आतली भेंडोळी घेऊन ये.

धाकटी : तयार दोरखंडांची? ताई, उद्या गिऱ्हाईक यायचंय त्यांना!

ताई : कुलूप बघायला येईल का ते? आण. तेवढीच कोरडी आहेत.

काका : अगं, इतक्या दिवसांची मेहनत चुलीत घालतेस? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे तुमच्याच घराकडे बघून म्हटलं असेल कुणीतरी.

ताई : पीळ कसला, काका. नड आहे.

धाकटी : हे घे. हे एवढं एक ठेवू? माझ्या एकटीच्या हातचं आहे.

ताई : बाळा, तेही घाल.

धाकटी : घातलं... पेटलं. ताई, धूर बघ! पिवळा झाला!

ताई : आता विरळ होईल. तू चिखल तयार ठेव. थांबला की नळीचं तोंड नि झाकणाची कड लिंपायची, म्हणजे आत वारा जाणार नाही.

धाकटी : (अंधारून आल्यावर) थांबला वाटतं. लिंपते.

काका : झालं? उघड मग. दाखव.

ताई : निवेपर्यंत नाही उघडता येणार. सकाळी.

काका : सकाळी! अगं, बाहेर माणसं खोळंबलीत. त्यांना काय सांगू?

ताई : सांगा, धूर थांबला.

काका : कोळसा झाला म्हणून थांबला, की खालचा जाळ विझला म्हणून?

ताई : खरं सांगू? मलाही कळत नाही, काका.

धाकटी : ताई, असं काय बोलतेस!

ताई : मग खोटं बोलू? विहीर त्यांची गेलीय.

धाकटी : काका... मग कुलूप लावणार?

काका : तो चिखल इकडे दे. झाकणाच्या या अंगाला चीर राहिलीय.